पाडणारा आणि उचलणारी

संघपाल भांडला असता तर मला झोप लागली असती. भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस तोंड फुगवून बसणारा हा माणूस, आणि घराची वाटणी करायची वेळ आली तर एका शब्दानेही वाकडं बोलेना. याचा अर्थ काय घ्यायचा? मी घ्यायचा तोच घेतला. कुठंतरी पाणी मुरत होतं.

नवऱ्याचं असं नाव घेते म्हणून कुणी नाकं मुरडू नयेत. तेव्हा तो निम्माच नवरा उरला होता. अर्ज कोर्टात पडला होता, दोघांच्या संमतीचा, आणि संमती म्हणजे त्याने मागितलं आणि मी रागाने सही ठोकली.

घर बारामतीत, इंदापूर रोडच्या आतल्या गल्लीत. जागा दोघांच्या नावावर घेतलेली, कर्ज दोघांच्या पगारातून फेडलेलं. तो सोमेश्वरनगरला कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि मी बारामतीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये. आमच्या दोन्ही घरांत पहिली पक्की भिंत या घराची. माझ्या वडलांनी वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना घेतली तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. आता त्याच घरातून मधे भिंत घालायची होती.

भांडणाचं मूळ सांगायला हवं. गाळपाचा हंगाम आला की संघपाल आठवड्यातून दोनदा उशिरा यायचा. ऊसतोडीला आलेल्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर जातो, पोरांना शिकवतो, म्हणायचा. एकदा घरी फोन आला. बाईचा आवाज. "सर निघाले का?" एवढंच विचारलं तिने. आता मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणारी बाई. कोण कामाचं विचारतं आणि कोण काळजीचं विचारतं, हे मला पहिल्या हॅलोला कळतं. ही काळजीचं विचारत होती. मी संघपालला धरलं तर म्हणाला, "तिथं शिकवायला येतात त्या बाई. चल, एकदा दाखवतो सगळं." मी गेले नाही. जो माणूस चल दाखवतो म्हणतो, त्याने दाखवण्यासारखं आधी मांडून ठेवलेलं असतं. पुढची तीन-चार वर्षं मी त्याचे खिसे बघितले, एसटीची तिकिटं बघितली, शर्टाची कॉलर हुंगली. काही सापडलं नाही. माझा संशय त्यामुळे आणखीच वाढला, कारण इतका स्वच्छ माणूस असतो का कुठं? शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "मी दमलो तेजश्री," आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. घरात मी आणि चौथीतली दिशा.

आमचे वकील बापूसाहेब म्हणाले, घटस्फोट कोर्ट देईल, घराचं तुम्ही आपसात ठरवून अर्जात लिहा. नाहीतर दावा लावावा लागेल आणि दिशाचं लग्न होईल तरी निकाल लागायचा नाही.

तेव्हा अप्पा मधे पडले. अप्पा म्हणजे संघपालचे चुलते, राहणार वरकुटे. संघपाल लहान असताना त्याचे वडील गेले आणि अप्पांनी त्याला वाढवला, वसतिगृहात घातला, शिकवला. त्यामुळे अप्पांपुढं संघपालची मान कधी वर व्हायची नाही. अप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "कोर्ट तुकडं पाडतंय, मानसं वाटं पाडत्यात. आपल्यात रीत हाय. थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं. पाडणाऱ्यानं एकदा रेघ मारली का त्वांड बंद. उचलणाऱ्यानं उचललं का संपलं. मागं फिरायचं न्हाय."

"आणि इथं थोरलं कोण?" मी विचारलं.

"नवरा थोरला."

जन्मात पहिल्यांदा नवरा थोरला असल्याचा मला फायदा होत होता. रीत तशी न्यायाची आहे. पाडणाऱ्याला उरलेलं मिळणार, म्हणून तो झक मारून दोन्ही वाटे सारखे पाडतो. शेतात ढेकूळ उचलतात, घराला वीट. दोन्ही वाट्यांत एकेक वीट ठेवायची आणि धाकट्याने हवी ती उचलायची. मी हो म्हणाले. मला एवढंच हवं होतं की पोरीला घेऊन कुणाच्या तोंडाकडे न बघता राहता येईल, असं अर्धं घर माझं व्हावं.

रविवारी संघपाल आला. चहा नको म्हणाला. हातात फक्कीची पिशवी, मैदानावर आखतात ती. त्याने बाहेरच्या खोलीच्या आतल्या उंबऱ्यापासून रेघ मारायला घेतली आणि सरळ घराच्या आडवी नेली. मारून झाल्यावर हात झटकले आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मी बघतच राहिले. मागच्या वाट्यात स्वयंपाकघर, दोन खोल्या, न्हाणी, हातपंप, शेवग्याचं झाड. पुढच्या वाट्यात बाहेरची खोली, चिंचोळा व्हरांडा आणि गच्चीचा जिना. संडास परसात कोपऱ्यात, तो सामाईक. शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने मागचा वाटा दाखवला असता. याला काय वाटे पाडणं म्हणतात? हे तर ताटात वाढून देणं झालं.

अप्पांचा चेहरा पडला. "संघा, ही कसली रं रेघ?" म्हणाले.

"मारली," संघपाल म्हणाला.

अप्पा चांगले नट आहेत, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी उचलायचं ठरलं.

सोमवारी संध्याकाळी माझा भाऊ विकी इंदापूरहून आला. त्याचं तिथं एसटीडीचं बूथ. जमिनीच्या दलालांचे फोन त्याच्या काचेच्या खोक्यात बसून होतात, त्यामुळे तालुक्यातली सगळी गुपितं आपल्याला ठाऊक असा त्याचा समज. तो रेघ बघून खाली बसला, परत उठला, रस्त्यापर्यंत जाऊन आला.

"आक्का, मानूस फुकट काय सोडत न्हाय," तो म्हणाला. "जिना कुणाकडं गेला बघ. ज्येचा जिना त्येची गच्ची. वर दोन मजलं बांधील. आन् ही गल्ली उद्या रुंद झाली का पुढं शटर पाडून गाळं काढील. तू मागं बस शेवगा हलवत."

"गल्ली रुंद होणार हे कुणी सांगितलं?"

"कुणी सांगत नसतंय. वळखायचं असतं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वर भाडेकरू, पुढं पानटपरी, आणि मी पोरीला घेऊन मागे कोंडलेली. येता-जाता त्याच्या गाळ्यासमोरून, त्याच्या गिऱ्हाइकांच्या नजरेखालून. म्हणूनच तो भांडला नव्हता.

तरी मी उगाच कुणाचं ऐकून चालणारी नाही. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नगरपालिकेत गेले. तिथं माझ्या ओळखीच्या एक बाई बांधकामाच्या विभागात होत्या. त्यांनी नकाशा पसरून दाखवला. आमची गल्ली नकाशात दोऱ्याएवढी होती आणि दोऱ्याएवढीच राहणार होती. मी आभार मानून निघाले. दारात आल्यावर मला आठवलं की या बाईंचे मिस्टर कारखान्यात आहेत. म्हणजे संघपालच्या ओळखीचे. म्हणजे त्यांनी मला कुठला नकाशा दाखवला कोण जाणे.

गुरुवारी रजा टाकून मी वरकुट्याला गेले, सासूकडे. तुळसाआत्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. घटस्फोटाचं कळल्यापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, पण मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आधी दिशाचं विचारलं.

मी आडून आडून सुरुवात केली. आत्या आडून बोलणाऱ्यातल्या नाहीत.

"मागलं उचल," त्या म्हणाल्या. "पानी हाय तितं. पोरीची जात हाय, पानी लागतं. जास्त इचार करू नगंस."

"तुम्हाला कुणी सांगितलं मागचा वाटा कुठला ते?"

"संघा आलता की काल."

काल आला होता. बुधवारी, ड्युटी सोडून, आईकडे. आणि मी आज येणार हे त्याला माहीत असणारच, कारण मला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. निघताना आत्यांनी माझ्या पिशवीत पायलीभर ज्वारी ओतली. ज्या बाईने बाळंतपणात मला तूप मोजून वाढलं, ती आज ज्वारी न मोजता देत होती. एसटीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेऊन मी विचार करत राहिले आणि भिगवणचा फाटा कधी गेला ते मला कळलं नाही.

नगरपालिका सांगते मागचं घे. सासू सांगते मागचं घे. रेघ स्वतः ओरडून सांगते मागचं घे. सगळे मिळून बाईला एकाच दारात ढकलायला लागले की शहाण्या बाईने दुसऱ्या दारातून बाहेर पडावं. पण खरं सांगते, मन माझं मागच्या वाट्यातच होतं. त्या स्वयंपाकघराचा कट्टा मी माझ्या उंचीचा करून घेतला होता. गवंडी म्हणत होता बाई उंच होतोय, मी म्हणत होते माझी कंबर आहे, तुझी नाही. हातपंपाला पाणी लागलं त्या दिवशी मी आणि संघपाल लहान पोरांसारखे भिजलो होतो. शनिवारी दिवे लागायच्या वेळेला मी कट्ट्यावर हात टेकून स्वतःला बजावलं, चुलीत गेला तो संशय, मागची वीट उचलायची.

रविवारी सगळे जमले. अप्पा, अप्पांचा मुलगा सोपान, विकी, संघपाल. दिशाला मी शेजारी पाठवलं होतं. अप्पांनी एक वीट व्हरांड्यात ठेवली, एक स्वयंपाकघराच्या दारात.

"उचल बाई," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघराकडे निघाले. रेघ ओलांडली. वीट दोन हातांवर होती. अप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि मी क्षणभर थांबले. बस, तेवढंच थांबले. तेवढ्यात मागून संघपाल म्हणाला, "हीच उचल, तेजश्री. नीट विचार कर. हीच."

"पाडणाऱ्यानं बोलायचं न्हाय," अप्पा कडाडले.

मी वळून त्याच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ कोरडे. गेल्या कित्येक महिन्यांत इतक्या अजिजीने तो माझ्याशी बोलला नव्हता. घर मोडताना ज्याला अजिजी सुचली नाही, त्याला विटेसाठी सुचावी? माझ्या पायाखालची वाटच फिरली. मी मागे आले, व्हरांड्यात गेले आणि पुढची वीट उचलली. चांगली छातीशी धरली.

विकीने मान डोलावली. संघपाल होता तिथं ओट्याच्या कडेला बसला. आणि अप्पा हसले. मोठ्याने नाही, पण पोटभर. संघपालच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मला वाटलं पोरगं येडं झालं. चांगलाच निघालास की रं!" त्या हसण्याने माझ्या हातातली वीट जड झाली.

पंधरवड्यात फक्कीच्या रेघेवर भिंत उभी राहिली. महिना संपायच्या आत सोपान बायकोपोरं, शेळी आणि दोन पेट्या घेऊन मागच्या वाट्यात राहायला आला. त्याला वर्षभरापासून बारामतीत बिऱ्हाड करायचं होतं. संघपालचा वाटा म्हणजे अप्पांचा वाटा, आणि अप्पांचा म्हणजे सोपानचा, त्यात विचारायचं काय? माझ्या उंचीच्या कट्ट्यावर सोपानची बायको स्टूल घेऊन स्वयंपाक करायला लागली. मी व्हरांड्याच्या टोकाला पत्रे ठोकून न्हाणी केली, स्टोव्ह बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात मांडला. दिशाचा अभ्यास, झोपणं, जेवण सगळं रॉकेलच्या वासात. पाण्याला परसातून वळसा घालून मागे जायचं आणि सोपानच्या बायकोचे कपडे धुऊन होईपर्यंत बादली घेऊन उभं राहायचं. नगरपालिकेच्या नळाला अर्ज केला, तो नंबरात होता. गल्ली काही रुंद झाली नाही. वर मजला चढवायला माझ्याकडे पैसा नव्हता, त्यामुळे जिन्याचा उपयोग वाळवणं घालण्यापुरता. विकी महिनाभर आलाच नाही आणि आला तेव्हा म्हणाला, "थांब की आक्का, पाच वर्षांनी बघ."

कोर्टाची शेवटची तारीख थंडीत पडली. मी दहा वाजताच जाऊन बसले. संघपाल चहाच्या गाड्याजवळ उभा होता. वाळला होता. दोन कप घेऊन आला आणि एक माझ्यापुढं धरला.

"अर्जात अजून बदल करता येतो," तो म्हणाला. "बापूसाहेबांना विचारलंय. वाटे उलटे लिहू. मागचा तुझ्या नावे, पुढचा माझ्या. अप्पांना मी सांगेन, कोर्टाने केलं. कोर्टापुढं त्यांचं काही चालत नाही. सोपानला कागद दाखवला की निघेल."

"का?"

"का म्हणजे? मी पाडला होताच तुझ्यासाठी." तो चहाकडे बघत बोलत होता. "माझ्याकडे जे येणार त्यात सोपान घुसणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अप्पांना नाही म्हणायची माझी छाती नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून मी स्वतःकडे ती एक खोली ठेवली. त्यात त्याचा संसार मावला नसता. आणि तू रीतीने उचललं असतंस म्हणजे कुणाला बोट दाखवता आलं नसतं. संघाने दिलं नाही, तिने उचललं."

"हे आधी सांगता आलं नाही?"

"तुला?" तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "चल दाखवतो म्हणत होतो, तेव्हा आली होतीस?"

मी कप खाली ठेवला. बापूसाहेब लांबून खुणा करत होते, नंबर जवळ आला होता. फक्त हो म्हणायचं होतं. कट्टा परत माझा, पंप माझा, दिशाला खोली. आत्या बोलल्या तेही खरं, नकाशा दाखवणाऱ्या बाई बोलल्या त्याही खऱ्या. एवढ्या सगळ्यांना खरं मानायला माझी तशी हरकत नव्हती.

पण मग दुसरं खातं उघडतं. रेघ मारताना हा माणूस खरा होता, तर आधी कधी खोटा होता? कोप्यांवर पोरं होती? ती बाई खरंच शिकवायला येत होती, आणि सर निघाले का हे रात्रीच्या वाटेने येणाऱ्या माणसाच्या काळजीने विचारत होती? मग मी चार वर्षं काय हुंगत होते? कशासाठी सही केली? कुणाच्या चुकीने माझी पोर बापाशिवाय राहते आहे? एक स्वयंपाकघर घ्यायचं तर मला सगळा संसार माझ्या हाताने मोडला हे मान्य करावं लागणार होतं. तेवढी ऐपत माझी नव्हती.

पुकारा झाला. आम्ही आत जाऊन शेजारी शेजारी उभे राहिलो. न्यायाधीशांनी अर्ज चाळला आणि विचारलं, मजकूर मान्य आहे का, घराबाबत काही बदल करायचा आहे का. संघपाल माझ्याकडे बघत होता, हे न वळता मला समजत होतं.

"बदल नाही, साहेब," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा दिशा मागे पंपाजवळ बादली घेऊन उभी होती. सोपानची बायको शेळीला पाणी पाजत होती, ती झाल्यावर दिशाचा नंबर. मी जाऊन तिच्या हातातली बादली घेतली.

"बाबा भेटले?" तिने विचारलं.

"भेटले."

"काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणाले. "खोटं बोलत होते."